कोजागरीचं दूध आणि नऊ गॅलनचा हिशोब

२०२२ ची कोजागरी ९ ऑक्टोबरला, रविवारी आली होती. न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळाला हा योग फार सोयीचा, कारण दुसऱ्या दिवशी सोमवारी कोलंबस डेची सुट्टी. मुलांना लवकर झोपवायची घाई नव्हती. नदीकाठच्या बागेतली शेड मिळाली होती, गॅसच्या दोन मोठ्या शेगड्या मिळाल्या होत्या आणि नावनोंदणी दोनशेवर गेली होती. मसाला दुधाची जबाबदारी माझ्याकडे होती. त्या रात्री दुधाचा हिशोब कुठे आणि कसा चुकला, तो कसा सापडला आणि कसा निस्तरला, हे मी इथे आकड्यांसकट लिहिते आहे. परदेशात राहून घरच्या वह्यांवरून मोठा स्वयंपाक करणाऱ्या कुणालाही हा प्रसंग येऊ शकतो. आणि चूक माझीच असल्यामुळे तिचे सगळे धागे मला माहीत आहेत.

कृती सांगलीच्या मावशीची. त्यांच्या वाड्यात पिढ्यान् पिढ्या कोजागरी होते आणि दूध तिच्या सासूबाईंपासून त्याच एका प्रमाणाने होतं. मावशीने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. दूध ४० लिटर, आटवून ३०. साखर ४ किलो. माणशी दीडशे मिली, माणसं दोनशे. खाली केशर, वेलदोडे, जायफळ, बदाम, पिस्ते, चारोळी. शिवाय तिने फोनवर सांगितलं की साखर विरघळली की दूध वाढतं, त्यामुळे दोन-अडीच लिटर वर निघतं; ते भांड्याला लागणाऱ्या, सांडणाऱ्या आणि पुन्हा मागणाऱ्यांसाठी. हे खरंच तसं होतं. किलोभर साखर विरघळली की साधारण सहाशे मिलीने आकारमान वाढतं, म्हणजे चार किलोंमागे अडीच लिटर. मावशीने हे कुठे वाचलेलं नाही, पातेल्यात पाहिलेलं आहे.

इथे दूध मिळतं गॅलनच्या कॅनमध्ये. मी शनिवारी रात्री फोनवरच्या यादीत हिशोब केला: ४० भागिले साडेचार, ८.८९. म्हणजे नऊ गॅलन. वर थोडं जास्तच घेतलं, असं वाटून समाधानही झालं. ‘एक गॅलन म्हणजे साडेचार लिटर’ हे मला शाळेपासून पाठ होतं. पाढे पाठ असतात तसं. पाठ असलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेत नाही, आणि मीही घेतली नाही.

काय घडलं

रविवारी चारच्या सुमाराला लाल झाकणांचे नऊ कॅन शेडमध्ये आले. पातेली ३२ क्वार्टची, दोन. एक क्वार्ट ९४६ मिलीचा, म्हणजे एका पातेल्यात काठोकाठ ३० लिटर मावतं. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की दोन्हींत निम्मं निम्मं ओतलं की दूध पातेल्याच्या दोन तृतीयांशापर्यंत येईल, उतू जायला जागा भरपूर. ओतल्यावर मंडळातल्या सर्वांत अनुभवी काकू पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “अगं, हे तर निम्म्याच्या जरासं वर आहे. तू दोन तृतीयांश म्हणाली होतीस ना?”

पहिली खूण तिथेच मिळाली होती. आज आकडे मांडले तर काकूंची नजर किती नेमकी होती ते कळतं. ४० लिटर असतं तर प्रत्येक पातेल्यात २० लिटर, म्हणजे ३० पैकी ६६ टक्के. प्रत्यक्षात होतं १७ लिटर, म्हणजे ५६ टक्के. मी मात्र म्हटलं, “पातेली मोठी असतील काकू.” पातेल्याच्या बुडाशी त्याचं माप कोरलेलं होतं. मी ते उलटून पाहिलं नाही, आणि आता दूध ओतून झालं होतं.

आटवण्यासाठी आम्ही मावशीचीच पद्धत वापरली. स्वच्छ लाकडी उलथन्याचा दांडा पातेल्यात सरळ उभा धरायचा, दुधाची पातळी येते तिथे सुरीने खूण करायची, बुडापासून त्या खुणेपर्यंतचे चार भाग करायचे आणि तिसऱ्या भागावर दुसरी खूण. दूध दुसऱ्या खुणेवर उतरलं की पाऊण झालं. पातेलं सरळ उभ्या भिंतीचं असेल तर ही रीत अगदी बिनचूक आहे. पण याच पद्धतीने माझी चूक झाकली गेली. दूध ४० लिटर असो की ३४, दांडा पाऊणच दाखवणार. प्रमाण बरोबर आलं, परिमाण चुकलेलंच राहिलं, आणि अडीच तास कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

साडेसातला साखर घातली. ती मी वजनाने घेतली होती. दहा पौंडांच्या पिशवीवर शेजारीच ४.५४ किलो छापलेलं होतं. काट्यावर चार किलो मोजून बाकीची बाजूला ठेवली. केशर खललं, वेलदोड्याची पूड पडली आणि पहिला घोट काकूंनी घेतला.

“गोड झालंय गं. फार नाही, पण झालंय.”

मग मी घेतला. खरंच गोड. चव बिघडली म्हणता येणार नाही इतपतच, पण मावशीचं दूध असं लागत नाही. लगेच कारणं निघाली. कुणी म्हणालं, इथली साखरच जास्त गोड. तसं नसतं. उसाची असो की बिटाची, शुद्ध साखर म्हणजे सुक्रोजच, सांगलीची आणि इथली गोडी एकच. कुणी म्हणालं, इथलं दूध पातळ असतं म्हणून साखर पुढे येते. यात थोडं तथ्य आहे. इथल्या ‘होल मिल्क’मध्ये किमान सव्वातीन टक्के स्निग्धांश लागतो, आपल्याकडच्या फुल क्रीम पिशवीत सहा टक्के असतो, आणि मावशी तर म्हशीचं घेते. दाटपणातला फरक यामुळे समजतो. गोडीतला समजत नाही.

उत्तर सापडलं ते मात्र अगदी साध्या कामात. एक दादा रिकामे कॅन पुनर्वापराच्या पिंपात टाकत होते. हातातल्या कॅनवरचं लेबल वाचून त्यांनी विचारलं, “वहिनी, तुम्ही गॅलन किती लिटरचा धरला होता? यावर ३.७८ लिहिलंय.”

मी कॅन हातात घेतला. ‘एक गॅलन’ मोठ्या अक्षरांत, आणि त्याला लागून कंसात ३.७८ लिटर. आदल्या रात्री असे नऊ कॅन मी स्वतः उचलून गाडीत ठेवले होते. इथल्या पाकिटांवर दोन्ही मापं छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. १९६६ च्या वेष्टन आणि लेबलविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि १९९४ पासून मेट्रिक आकडाही द्यावा लागतो. साखरेच्या पिशवीवरचा किलोचा आकडा मी वाचला, कारण पौंड मला पाठ नव्हता. दुधावरचा वाचला नाही, कारण गॅलन पाठ होता. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट हीच.

कागदी ताटलीवरचा हिशोब

ताटली उलटी करून त्यावर आकडे मांडले. नऊ गुणिले ३.७८५, म्हणजे ३४ लिटर. हवं होतं ४०. सहा लिटर कमी, शंभरात पंधरा. आटून झालं साडेपंचवीस, साखरेची वाढ धरून २८ लिटर. मावशीच्या हिशोबाने व्हायला हवं होतं साडेबत्तीस. चार किलो साखर साडेबत्तीस लिटरमध्ये असती तर लिटरला १२३ ग्रॅम पडली असती. २८ लिटरमध्ये ती १४३ झाली. काकूंच्या जिभेने जे सांगितलं होतं ते हेच, सोळा टक्क्यांची गोडी.

दुसरा धक्का पेल्यांचा. मी कागदी पेले आणले होते आठ औंसांचे. आठ औंस म्हणजे २३७ मिली, काठापर्यंत. ओतणारा माणूस पेला पाऊण-एक भरतोच, हातच तसा जातो. म्हणजे दोनशे मिली धरा. २८ लिटर दूध दोनशे मिलीने वाटलं असतं तर १४० पेल्यांत संपलं असतं. रांगेत शेवटच्या साठ जणांना काय सांगायचं? आणि रांगेत शेवटी उभी राहतात ती लहान मुलांना घेऊन आलेली माणसं आणि स्वयंसेवक.

गॅलनची चूक एकटी असती तर वरच्या अडीच लिटरांनी बरंच सांभाळून घेतलं असतं. दीडशे मिलीने १८६ पेले निघाले असते. पेल्याची चूक तिच्यावर चढली म्हणून तूट एवढी दिसली. म्हणूनच मापांच्या चुका तपासताना एक सापडली की थांबू नये. दुसरी बहुतेक वेळा तिच्या आड उभी असते.

बारा मोठे की चौदा?

साडेचार लिटर आटीव, बिनसाखरेचं दूध अर्ध्या तासात हवं होतं. नव्याने आटवायला वेळ नव्हता. काकूंनी सुचवलं, डब्यातलं आटवलेलं दूध आणू. इव्हॅपोरेटेड मिल्क म्हणून ते इथे सगळीकडे मिळतं. त्यातलं साधारण साठ टक्के पाणी काढलेलं असतं आणि साखर नसते. आमचं दूध आटून पाऊण झालेलं, डब्यातलं त्याहून बरंच दाट. म्हणजे एका डब्यामागे अर्धा डबा गरम पाणी घातलं की आमच्या दुधाशी जुळलं.

दादा दुकानात गेले आणि तिथून फोन आला. “दोन प्रकारचे डबे आहेत. एकावर १२ औंस आहे, एकावर १४. किंमत जवळजवळ तीच. १४ चा घेऊ का, जास्त येईल.”

इथे आम्ही दुसऱ्यांदा घसरलो असतो. १४ औंसांचा डबा होता कंडेन्स्ड मिल्कचा, म्हणजे साखर घातलेल्या घट्ट दुधाचा. त्यात वजनाने जवळपास निम्मी साखरच असते. आधीच गोड झालेल्या दुधात तो ओतला असता तर दूध हातचं गेलं असतं. पण मापाच्या दृष्टीने पाहिलं तरी हा प्रश्न समजून घेण्यासारखा आहे. बारावर लिहिलेलं असतं ‘फ्लुइड औंस’, ते आकारमान, ३५४ मिली. चौदावर लिहिलेलं असतं निव्वळ वजन, ते वस्तुमान, ३९७ ग्रॅम. कंडेन्स्ड दूध पाण्यापेक्षा जड, साधारण १.३ पट, म्हणजे ३९७ ग्रॅम म्हणजे जेमतेम ३०५ मिली. १४ औंसांचा डबा १२ औंसांच्या डब्यापेक्षा लहान! फळीवर शेजारी ठेवले तर डोळ्यालाही दिसतं, पण आकडा वाचला की डोळा आकड्याचं ऐकतो.

औंस हा शब्द इथे दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पाण्याच्या बाबतीत दोन्ही जवळजवळ जुळतात, एक फ्लुइड औंस पाण्याचं वजन एका औंसाहून थोडंसंच जास्त भरतं. त्यामुळे रोजच्या वापरात फरक लक्षात येत नाही. मध, काकवी, रवा, बेसन यांच्या बाबतीत मात्र तो लगेच अंगावर येतो. बेसनाचा आठ औंसांचा पेला भरला म्हणजे आठ औंस बेसन झालं असं मुळीच नाही. ते त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतं.

मी फोनवर सांगितलं, “बारावाले नऊ डबे घ्या. लेबलवर ‘फ्लुइड’ शब्द दिसला पाहिजे, आणि घटकांत साखर दिसता कामा नये.” नऊ डबे म्हणजे ३.२ लिटर, त्यात निम्मं गरम पाणी १.६ लिटर. एकूण ४.८. आमचे २८ आणि हे मिळून ३२.८ लिटर झाले, मावशीच्या साडेबत्तीसला भिडलेच. साखर उतरली लिटरला १२२ ग्रॅमवर. काकूंनी पुन्हा घोट घेतला आणि काही न बोलता झाकण ठेवलं. एवढं पुरेसं होतं.

राहिला पेल्याचा प्रश्न. लहान पेले मिळणार नव्हते. काकूंच्या सामानात घरून आणलेलं पितळेचं ओगराळं होतं. मी माझ्या मापाच्या भांड्यात, ज्याच्या एका अंगाला मिली आणि दुसऱ्या अंगाला औंस आहेत, ओगराळ्याने पाणी ओतून पाहिलं. चार ओगराळी, तीनशे मिलीची रेघ. एक ओगराळं पंचाहत्तर मिलीचं निघालं. मग वाढणाऱ्या चौघांनाही एकच सूचना दिली: माणशी दोन ओगराळी, पेला अर्ध्याच्या थोडा वर दिसेल, दिसू दे. चंद्र तोपर्यंत झाडांच्या वर आला होता. दूध सगळ्यांना पुरलं, दहा-बारा जणांनी पुन्हा घेतलं आणि पातेल्याच्या बुडाशी लागलेली साय नेहमीप्रमाणे मुलांनी खरवडली.

साडेचार आला कुठून?

घरी आल्यावर मला झोप येईना. शाळेत शिकलेला आकडा खोटा असेल असं वाटत नव्हतं, आणि तो खोटा नव्हताही. तो दुसऱ्या गॅलनचा होता.

इंग्लंडात जुन्या काळी वेगवेगळ्या मालासाठी वेगवेगळे गॅलन होते: दारूचा वेगळा, बिअरचा वेगळा, धान्याचा वेगळा. दारूचा म्हणजे वाइनचा गॅलन १७०७ साली राणी ॲनच्या काळात २३१ घनइंचांचा ठरवला गेला. हा २३१ आकडा पहिल्यांदा विचित्र वाटतो, पण सात इंच व्यासाचं आणि सहा इंच उंचीचं सरळ नळकांडं घ्या आणि आपल्या शाळेतलं २२ भागिले ७ वापरून त्याचं घनफळ काढा. बरोबर २३१ येतं. अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये हाच गॅलन चालायचा आणि स्वातंत्र्यानंतरही तोच राहिला. १८३२ साली तिथल्या कोषागार विभागाने तो अधिकृत धरला. मधल्या काळात ब्रिटनने १८२४ च्या कायद्याने जुने सगळे गॅलन मोडीत काढले आणि नवा इंपीरियल गॅलन आणला: ६२ अंश फॅरनहाइट तापमानाच्या दहा पौंड पाण्याएवढा. तो ४.५४६ लिटरचा. अमेरिकेचा ३.७८५. एकाच नावाची दोन मापं, आणि मोठं लहानापेक्षा वीस टक्क्यांनी जास्त.

भारतात इंग्रजांचं राज्य होतं, म्हणून आपल्याकडे आला तो इंपीरियल गॅलन. पेट्रोल त्यातच विकलं जायचं, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत उरला तोही तोच, साडेचार लिटरचा. १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक पद्धत स्वीकारली आणि गॅलन व्यवहारातून गेला, पण कोष्टकाच्या पानावर एका ओळीपुरता राहिला. ती ओळ मी न्यू जर्सीत घेऊन आले.

पुढचा गुंता म्हणजे गॅलन लहान असूनही अमेरिकन औंस ब्रिटिश औंसापेक्षा मोठा आहे. अमेरिकन गॅलनचे १२८ औंस होतात, एक औंस २९.५७ मिलीचा. इंपीरियलचे १६०, एक औंस २८.४१ मिलीचा. पाइंट अमेरिकेत सोळा औंसांचा, ४७३ मिली. ब्रिटनमध्ये वीस औंसांचा, ५६८ मिली. लंडनला राहणाऱ्या बहिणीची कृती न्यू जर्सीत करायची आणि दोन्हीकडे ‘पाइंट’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहायचं, तर पुन्हा हाच वीस टक्क्यांचा खड्डा.

अमेरिकन मापांची रचना मात्र मराठी माणसाला परकी वाटायचं कारण नाही. गॅलनच्या निम्मा अर्धा गॅलन, त्याच्या निम्मा क्वार्ट, त्याच्या निम्मा पाइंट, त्याच्या निम्मा कप. आपल्या आजीच्या कोठीतली उतरण हीच: पायलीच्या निम्मी अधोली, तिच्या निम्मा शेर, त्याच्या निम्मं मापटं, मग चिपटं, मग कोळवं. कागद-पेन्सिलीशिवाय बाजारात उभं राहून मोजायचं तर निम्मं करत जाणं सर्वांत सोपं, हे दोन्हीकडच्या लोकांना कळलं होतं. फरक एवढाच की आपली पायली गावोगावी थोडी वेगळी असायची आणि हे सगळ्यांना माहीत असायचं. परगावच्या बाजारात गेलेला माणूस आधी ‘तुमची पायली केवढी’ असं विचारायचा. मी गॅलनला तो प्रश्न विचारला नाही.

मी काय बदललं

आता मंडळाच्या सगळ्या कृती मी लिटर, मिली, किलो आणि ग्रॅममध्येच ठेवते. दुकानाची यादी करताना एकदाच, अगदी शेवटी, एकूण आकड्याचं रूपांतर करते आणि वरच्या पूर्ण कॅनला नेते. ४० लिटर भागिले ३.७८५, म्हणजे १०.५७, म्हणून ११ गॅलन. मधल्या पायऱ्यांवर गोळाबेरीज करत नाही. क्वार्ट म्हणजे लिटरच, असं आपण सहज म्हणतो आणि एका क्वार्टापुरतं ते चालतंही, चोपन्न मिलीचाच फरक. पण ४० लिटरच्या जागी ४० क्वार्ट घेतले तर दोन लिटरहून जास्त दूध कमी येतं, म्हणजे दहा-अकरा माणसांचं. थेंबे थेंबे तळे साचतं तसं ते आटतंही.

कपांच्या बाबतीत माझं मत जरा ठाम आहे. अमेरिकन मापाचा कप २३६.६ मिली, पोषणाच्या तक्त्यासाठी धरला जाणारा २४०, आणि मी पुण्याहून आणलेल्या संचावर २५० कोरलेलं आहे. रोजच्या पोह्या-उपम्याला यातला कुठलाही चालतो, फक्त सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच एक वापरायचा. आपली वाटी याच तत्त्वावर चालते. ‘एक वाटी भाजणी, एक वाटी पाणी’ यात वाटी कितीही मिलीची असो, चकली जमते, कारण तिथे वाटी प्रमाण सांगते. अशा कृतीचं मिलीत रूपांतर करायचा खटाटोप करू नये. गरज पडते ती वाटीच्या जोडीला दुकानातली बंद वस्तू येते तेव्हा: एक डबा, एक कॅन, लोण्याची एक कांडी. तिथे प्रमाण संपतं आणि परिमाण सुरू होतं, आणि तिथेच लेबल वाचावं लागतं.

औषध हा विषय मी यात मिसळणार नाही, पण एक सांगून ठेवते, कारण भारतातून येणारे आजी-आजोबा घरी नातवंडांना औषध देतात. चमचा म्हणजे ५ मिली आणि मोठा चमचा म्हणजे १५. घोटाळा झाला तर तिप्पट मात्रा जाते, आणि घरातला पोह्यांचा चमचा तर कुठल्याच मापाचा नसतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये पातळ औषधांची मात्रा फक्त मिलीत लिहावी अशी शिफारस केली ती यासाठीच. बाटलीबरोबर मिलीच्या रेघांची पिचकारी मिळते, तीच वापरावी. दूध सोळा टक्क्यांनी गोड झालं तर डबे आणून सावरता येतं.

काकूंचं ओगराळं त्यांनी त्या रात्रीच मला देऊन टाकलं. दांड्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे, ‘७५ मिली’.

मावशीला सगळं फोनवर सांगितलं तेव्हा तिने आधी विचारलं, “दूध सगळ्यांना पुरलं ना?” मग म्हणाली, थांब, आणि तीच वही पुन्हा काढून पानाचा नवा फोटो पाठवला, या वेळी जरा वरचा भाग घेऊन. ‘४० लिटर’च्या वर शाईने खोडलेली एक ओळ होती. सासूबाईंच्या हातची, शेरांतली. खोडून तिच्या जागी लिटर मावशीने लिहिलं होतं, लग्न होऊन आल्यावरच्या पहिल्या कोजागरीला. फोटोखाली तिने विचारलं होतं की तुझा आकडा सांग, मी शेजारी लिहून ठेवते. मी लिहून पाठवलं: अकरा गॅलन, अमेरिकन, ३.७८५ वाले.